स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी परवडणारा आणि मुंबईच्या हवेत टिकणारा स्कोप

माझ्या एअर रायफलवरचा पहिला स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, दोनशे छर्‍यांत गेला. काच फुटली नाही की नळी वाकली नाही, पण आतली फुली दर चार-पाच छर्‍यांनी जागा बदलू लागली. मुरबाडजवळच्या मामाच्या वाडीवर मातीच्या उंच बांधासमोर टार्गेट लावून मी अख्खा हिवाळा घालवला आणि छर्‍यांना, वार्‍याला, स्वतःच्या श्वासाला दोष देत राहिलो. शेवटी ओळखीच्या एका जुन्या नेमबाज काकांनी स्कोप उतरवायला लावला आणि साध्या लोखंडी माशीवर, म्हणजे नळीवरच्या नेमाच्या खुणेवर, पाच छर्रे मारायला सांगितले. पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. रायफल पहिल्यापासून ठीक होती. तिला न मानवणारा स्कोप मी तिच्यावर चढवला होता.

त्यानंतर मी तीन स्कोप वापरले आणि मित्रांसाठी सातआठ निवडून दिले. परवडणारा स्कोप शोधताना बहुतेक जण झूम आणि काचेचा आकार बघतात. टिकाऊपणा मात्र तीन साध्या गोष्टींवर ठरतो: तुमच्या रायफलचा धक्का त्याला सोसतो का, माउंट, म्हणजे स्कोप रायफलवर धरणारी पकड, घट्ट आहे का, आणि जून ते सप्टेंबर तो कुठे ठेवलेला असतो. या लेखात मी त्याच क्रमाने जाणार आहे.

आधी ठरवा, स्कोप लागणार आहे का

मुलगा किंवा मुलगी नेमबाजीच्या वर्गाला जात असेल आणि १० मीटर एअर रायफलची तयारी चालू असेल, तर स्कोपवर एक रुपयाही घालवू नका. आंतरराष्ट्रीय नियमांच्या रायफल स्पर्धांमध्ये रायफलवर दुर्बीण चालत नाही. तिथे मागे बारीक छिद्राचा पीप साइट असतो आणि पुढे गोल कडी. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो या बिनदुर्बिणीच्या साधनाने टिपायचा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, तेही अशाच साइटवर. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा दुसर्‍या कुठल्या क्लबात मूल सरावाला जात असेल, तर आधी प्रशिक्षकांना विचारा. तेच पैसे चांगल्या जॅकेटवर किंवा छर्‍यांवर खर्च झालेले बरे.

स्कोप लागतो तो हौसेच्या टार्गेट शूटिंगला. वाडीवर, फार्महाउसवर किंवा परवानगी असलेल्या खाजगी जागेत १५ ते ४० मीटरवर कागद, डबे, लोखंडी पडती टार्गेट्स मारायला. चाळिशीनंतर ज्यांना माशी आणि टार्गेट दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, त्यांना तर स्कोपने खेळ परत मिळतो. मलाही तसाच मिळाला.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे ०.१७७ बोअर म्हणजे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. खरेदीची पावती जपून ठेवा आणि नेताना रायफल बंद केसमध्येच न्या. पक्ष्याप्राण्यांवर छर्रा मारायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि खिडकीतल्या कबुतराला जखमी करणं ही क्रूरताच आहे. कोणी त्यासाठी स्कोप मागत असेल तर त्याला मी मदत करत नाही.

रायफल कोणती, यावर स्कोप ठरतो

मुंबईत अनेक घरांत अजून जुनी, नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल असते. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली इंडियन ह्यूम पाइप ही पाण्याचे पाइप बनवणारी कंपनी, पण एअर रायफलवाल्यांमध्ये ती तिच्या रायफलींसाठीही ओळखली जाते. आता प्रेसिहोलसारख्या कंपन्यांच्या रायफलीही दिसतात. स्प्रिंगची रायफल म्हणजे 'स्प्रिंगर', आणि हवा टाकीत भरून ठेवायची ती 'पीसीपी'. स्कोपच्या दृष्टीने या दोन वेगळ्या जाती आहेत.

स्प्रिंगरमध्ये घोडा ओढला की दाबलेली स्प्रिंग जड पिस्टनला पुढे फेकते, त्यामुळे रायफल मागे येते. पुढच्या क्षणी पिस्टन समोर दाबलेल्या हवेच्या उशीवर आदळून थांबतो आणि रायफल झटकन पुढे ओढली जाते. एका छर्‍यामागे उलटसुलट दोन हिसके बसतात. बंदुकीच्या गोळीचा धक्का मोठा असतो, पण तो मुख्यतः एकाच दिशेने, मागे येतो. बंदुकीसाठी केलेल्या बर्‍याच स्कोपच्या आतली भिंगं आणि फुलीची नळी त्याच दिशेचा मार सोसतील अशी बसवलेली असतात. म्हणून मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं चाललेला स्कोप स्प्रिंगरवर महिन्याभरात ढिला पडू शकतो. 'इतक्या मोठ्या रायफलवर चालतो, तर छर्‍याच्या बंदुकीवर का नाही चालणार?' असं दुकानदार म्हणाला, तर त्याला हे माहीत नाही असं समजा.

पीसीपीला धक्का जवळजवळ नसतोच, तिच्यावर साधा स्कोपही टिकतो. तुमच्याकडे स्प्रिंगर असेल तर खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत 'स्प्रिंग एअर रायफलसाठी योग्य' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. मी एवढी एकच अट घालायला सांगितली असती तरी ती हीच असती.

इथेच दोन सवयी सांगून ठेवतो. छर्रा न भरता स्प्रिंगर कधीही झाडू नका. समोर हवेची उशी तयार होत नाही, पिस्टन धातूवर आदळतो, आणि तो मार रायफलबरोबर स्कोपलाही बसतो. दुसरं, हवेच्या छिद्रातून तेल सोडू नका. दाबाने तापलेल्या हवेत ते तेल पेटतं, मोठा बार होतो, धूर येतो, आणि असा प्रत्येक बार स्कोपचं आयुष्य कमी करतो.

पॅरॅलॅक्स

याच गोष्टीमुळे चुकीचा स्कोप घेणारे मी सर्वांत जास्त पाहिले आहेत, म्हणून इथे थोडा वेळ द्या.

जुन्या टॅक्सीचा काट्याचा स्पीडोमीटर मागच्या सीटवरून पाहिला तर काटा ड्रायव्हरला दिसतो त्याच्या जरा बाजूला दिसतो, कारण काटा आणि आकडे एका पातळीवर नसतात. स्कोपमध्येही टार्गेटची प्रतिमा आणि फुली एका पातळीवर नसतील, तर डोळा जरा हलला की फुली टार्गेटवर सरकल्यासारखी दिसते. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. फुली आणि प्रतिमा फक्त एका ठरावीक अंतरावर नेमकी जुळते. बंदुकीच्या स्कोपमध्ये ते अंतर बहुधा १०० यार्ड ठेवलेलं असतं. आपण मारतो १० ते ३० मीटरवर.

चूक किती होते ते मोजता येतं. पुढच्या भिंगाच्या निम्म्या व्यासाला, दोन अंतरांमधल्या फरकाने गुणायचं आणि ठरलेल्या अंतराने भागायचं. ३२ मिलिमीटर भिंगाचा, १०० यार्डवर जुळवलेला स्कोप १० यार्डवर वापरला, तर १६ गुणिले ९० भागिले १००, म्हणजे डोळा अगदी कडेला असताना १४ मिलिमीटरपेक्षा जास्त चूक. १० मीटरवर १४ मिलिमीटर म्हणजे निशाण्याला काही अर्थच उरत नाही. शिवाय जवळचं चित्र धूसर दिसतं ते वेगळंच.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे अंतर जुळवता येणारा स्कोप. पुढच्या भिंगाभोवतीची कडी फिरवायची असेल तर त्याला एओ म्हणतात, डाव्या बाजूला चक्री असेल तर साइड फोकस. त्यावरचा सर्वांत कमी आकडा १० यार्ड किंवा १० मीटर असला पाहिजे. काही स्कोप ५० पर्यंतच खाली येतात, ते आपल्या उपयोगाचे नाहीत. दुसरा उपाय स्वस्त आहे: खास एअर रायफलसाठी जवळच्या अंतरावर कायमचा जुळवलेला, साधा ४×३२ स्कोप. त्यात फिरणारे भाग कमी, त्यामुळे मोडण्यासारखंही कमी.

दुकानात तपासायला रायफल लागत नाही. स्कोप काउंटरवर दोन पुस्तकांमध्ये टेकवा, दुकानाच्या टोकाला असलेल्या एखाद्या अक्षरावर फुली आणा, आणि हात न लावता डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. फुली अक्षरावरून हलली तर तेवढी चूक आहे. कडी फिरवून ती थांबवता आली पाहिजे.

खोक्यावरचे आकडे

३-९×४० म्हणजे तीनपट ते नऊपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं आहे. ४० ला ९ ने भागलं की साडेचार मिलिमीटरच्या आसपास उत्तर येतं. एवढ्या जाडीचा उजेडाचा गोल मागून तुमच्या डोळ्यात येतो. उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणजे दिवसाच्या कामाला ४० चं भिंग पुरून उरतं. ५० मिलिमीटरच्या भिंगाने वजन वाढतं, माउंट उंच लागतो, गाल रायफलवर नीट टेकत नाही. स्प्रिंगरवर वजनाचा आणखी एक तोटा असतो: स्कोप जितका जड, तितका प्रत्येक हिसक्याला तो माउंटमधून सरकायला बघतो.

झूमचा मोह मला समजतो. पण १५ पटीत टार्गेटबरोबर तुमच्या हाताचा कंपही १५ पट मोठा दिसतो आणि नवशिका घोडा झटकून मोकळा होतो. २५ मीटरपर्यंत ४ पट पुरते. ९ पटीपर्यंत जाणारा स्कोप असेल तर ४० मीटरही आरामात होतात.

मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवता येतो तेही पाहा. ७५ ते ९० मिलिमीटर हवं. चष्मा लावणार्‍यांनी यात तडजोड करू नये.

३० मिलिमीटरच्या नळीत २५.४ पेक्षा जास्त उजेड असतो, हा समज चुकीचा आहे. जाड नळीत फुली वरखाली करायला जास्त जागा मिळते, एवढंच. फुली तारेची असण्यापेक्षा काचेवर कोरलेली असेल तर ती धक्क्याने तुटत नाही, आणि याला मी थोडे जास्त पैसे देईन. नळी एकसंध अ‍ॅल्युमिनियमची हवी आणि आतून धुकं धरू नये म्हणून आत नायट्रोजन भरलेला हवा. हे दोन मुद्दे मुंबईत चैन म्हणून धरू नका.

पैसे कुठे घालायचे

माझा ठोकताळा असा: स्कोप आणि माउंट मिळून रायफलच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जावेत, आणि त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा माउंटसाठी बाजूला ठेवावा. पहिल्यांदा घेणार्‍या भाच्याला मी सगळं मिळून आठ हजारांची मर्यादा घालून दिली होती, आणि त्यात त्याला चांगला, एअर रायफलसाठीचा स्कोप मिळाला. पैसे कमी असतील तर झूमचा विचार सोडा आणि साधा ४×३२ घ्या. कमी पैशातला ६-२४ पटीचा स्कोप हा माझ्या मते सर्वांत महाग सौदा, कारण वर्षाच्या आत दुसरा घ्यावा लागतो.

लाल-हिरव्या दिव्याची फुली, सोबत मिळणारा लेझर, लांब सनशेड, बंदुकीच्या गोळीच्या हिशेबाने आखलेल्या अंतराच्या खुणा, हे सगळं सोडून द्या. स्वस्त स्कोपमध्ये दिव्याची व्यवस्था म्हणजे पाणी आत शिरायला आणखी एक वाट.

हॉक, बुशनेल, निक्को स्टर्लिंग, लीपर्स यूटीजी, व्होर्टेक्स, व्हेक्टर ही नावं शोधताना पुन्हा पुन्हा समोर येतील. एकाच कंपनीचे काही स्कोप स्प्रिंगरला चालतात, काही नाही, म्हणून नावावर न जाता मॉडेलची माहिती वाचा. नामवंत कंपनीचं नाव छापलेला माल विश्वास बसणार नाही इतका स्वस्त दिसला, तर तो नकली समजा. खर्‍या खोक्यावर अनुक्रमांक आणि आयात करणार्‍याचा पत्ता असतो. वॉरंटी 'आजन्म' लिहिलेली असली तरी ती भारतात कोण पाळणार, हे पैसे देण्याआधी लेखी विचारा. परदेशातून मागवायचा विचार असेल तर आयातीचे नियम आणि कस्टम्सचा खर्च आधी चौकशी करून धरा.

फोर्ट भागातल्या शस्त्रविक्रेत्यांकडे प्रत्यक्ष जाऊन बघणं मला अजूनही पटतं. ऑनलाइन घेतला तर परत करायची मुदत किती ते बघा आणि पुढची तपासणी त्या मुदतीत उरका.

हातात घेतल्यावर

आधी स्कोप उलटा धरून उजेडाकडे बघा. सूर्याकडे कधीही नाही. आत धूळ, केस, बुरशीचे धागे, रंगाचे कपचे दिसले तर परत द्या. मग मागची कडी फिरवून फुली तुमच्या डोळ्याला जुळवा: मोकळ्या आकाशाकडे तीन-चार सेकंदच पाहायचं, डोळा बाजूला घ्यायचा, कडी जरा फिरवायची, पुन्हा पाहायचं. जास्त वेळ पाहिलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चूक लपते.

वरच्या आणि बाजूच्या टरेटचे, म्हणजे फुली सरकवायच्या चक्र्यांचे, टिकटिक आवाज वेगवेगळे जाणवले पाहिजेत. पिठात बोट फिरवल्यासारखं वाटत असेल तर तो स्कोप ठेवून द्या. झूमची कडी एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत न्या. फुली एखाद्या खुणेवर ठेवलेली असताना झूम बदलल्यावर ती सरकता कामा नये.

जुना स्कोप घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च पुढून टाकून मागून बघा, आणि तो कुठल्या रायफलवर होता ते विचारा. नळीवर माउंटचे खोल ओरखडे असतील तर तो बराच सरकलेला असतो.

पॅसेजमधली परीक्षा

मुंबईत छर्रा मारून तपासायला जागा नसते. ही परीक्षा रायफलशिवाय, चाळीच्या गॅलरीत किंवा इमारतीच्या लांब पॅसेजमध्ये होते. शेजार्‍यांना आधी सांगून ठेवा, आणि रायफल घरात कपाटातच राहू द्या. टेबलावर दुर्बीण लावून बसलेला माणूस बघून कोणाच्याही मनात शंका यायला नको.

शाळेच्या दुकानातला मिलिमीटरचा आलेखकागद १० मीटरवर भिंतीला चिकटवा. अंतर टेपने मोजा. स्कोप माउंटमध्ये बसवा आणि माउंटचा पाया टेबलाला लावायच्या छोट्या व्हाइसमध्ये धरा, नळी कधीही व्हाइसमध्ये दाबू नका. अंतराची कडी १० वर आणा आणि फुली एका जाड रेघेच्या छेदावर ठेवा.

आता वरचा टरेट ४० टिक 'वर' फिरवा. बहुतेक स्कोपमध्ये एक टिक म्हणजे पाव एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). १० मीटरवर ते ०.७३ मिलिमीटर होतं, म्हणजे ४० टिकला २९ मिलिमीटर. फुली कागदावर खाली जाताना दिसेल, ते बरोबर आहे, कारण छर्रा वर नेण्यासाठी रायफलच्या नळीला तुलनेने वर बघावं लागतं. तिथून ४० टिक उजवीकडे, ४० खाली, ४० डावीकडे. चौकोन पूर्ण होऊन फुली निघाली त्याच छेदावर आली पाहिजे. एखाद-दुसरा मिलिमीटर मी चालवून घेतो. २९ च्या जागी २६ आले, पण परतीला जागेवर आली, तरीही हौसेच्या कामाला चालेल. पण परत जागेवर येत नसेल, किंवा टिक वाजूनही फुली हलत नसेल आणि मग एकदम उडी मारत असेल, तर आतली स्प्रिंग कमकुवत आहे. तो स्कोप त्याच दिवशी परत करा.

शेवटी स्कोपवर हाताच्या मुठीने, वर रबर धरून, हलके दहा-बारा ठोके द्या आणि पुन्हा बघा. माझ्या हातून एक स्कोप असाच परत गेला. रायफलवर चढला असता तर त्याने माझा आणखी एक हिवाळा खाल्ला असता.

माउंट

एअर रायफलच्या पाठीवर बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच असते. बंदुकीची पिकाटिनी पट्टी त्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते. दोन्हींचे माउंट एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून घेण्याआधी मोजा. काही रायफलींची खाच ११ पेक्षा थोडी कमी-जास्त असते, शक्य असेल तर रायफल किंवा तिचा फोटो मापासकट घेऊन जा.

स्प्रिंगरवर स्कोप मागे सरकतो. रायफल शेवटी पुढे हिसकते आणि स्कोप आपल्या जागी राहायला बघतो, म्हणून. रायफलच्या पाठीवर मागे छोटं भोक असतं. माउंटची स्टॉप पिन त्या भोकात उतरली पाहिजे. दोन सुट्या कड्यांपेक्षा लांब, एकसंध पायाचा माउंट मला स्प्रिंगरवर जास्त भरवशाचा वाटतो.

चढवताना आधी टरेट एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत मोजा आणि निम्म्यावर आणा. फुली मध्यावर असली की आतल्या स्प्रिंगवर योग्य ताण राहतो. अगदी टोकाला गेलेली फुली प्रत्येक छर्‍याला डुलते. स्कोप सरळ बसला का हे बघायला गवंड्याचा ओळंबा वापरा: दहा मीटरवर ओळंबा लटकवा, रायफल सरळ धरा आणि फुलीची उभी रेघ दोरीवर जुळवा.

कड्यांचे स्क्रू आडवेतिडवे, थोडे थोडे करून आवळा, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा. बहुतेक कड्यांना दोन न्यूटन मीटरच्या आसपास ताण पुरतो. टॉर्कचं हत्यार नसेल तर अ‍ॅलन की लांब बाजूने न धरता आखूड बाजूने, दोन बोटांत धरून आवळा. नळी चेपली की आतली भिंगं अडतात, आणि मग दोष स्कोपला दिला जातो. निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) फक्त पायाच्या स्क्रूला लावा.

नळी मोडून भरायच्या रायफलींमध्ये नळी किंचित खाली झुकलेली असते. टरेट पूर्ण वर नेला तरी छर्रा खालीच लागतो, तेव्हा हेच कारण असतं. माउंटच्या मागच्या कडीत स्कोपच्या नळीखाली जुन्या फोटोफिल्मची एक पट्टी ठेवा, लागल्यास दोन. त्याहून जास्त लागत असेल तर अशा झुकलेल्या नळीसाठीच केलेला माउंट मिळतो, तो घ्या.

झिरो करणं: फुली आणि छर्रा जुळवणं

नवीन स्कोप चढवल्यावर आधी २०-३० छर्रे नुसतेच मारा, सगळं आपापल्या जागी बसू द्या, आणि स्क्रू पुन्हा तपासा. स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रूही, ते स्प्रिंगरमध्ये हमखास सुटतात. डोळ्यावर चष्मा हवा, टार्गेटमागे माती हवी आणि मागून कोणी येण्याची वाट नको.

१० मीटरवर पाच छर्रे मारून मध्य काढा. मग २० मीटरवर जा. तिथे एक टिक म्हणजे दीड मिलिमीटरपेक्षा जरा कमी. छर्रे तीन सेंटिमीटर खाली लागत असतील तर २०-२१ टिक वर. एकेका छर्‍यावर टरेट फिरवू नका, पाचांच्या मध्यावर फिरवा. स्प्रिंगर गच्च धरू नका. पुढचा हात उघड्या तळव्यासारखा ठेवून रायफल त्यावर टेकवा आणि तिला हिसकू द्या.

ग्रुप, म्हणजे पाच छिद्रांचा घोळका, अचानक पसरला तर क्रम असा: स्टॉकचे स्क्रू, माउंटचे स्क्रू, नळीचा सांधा, छर्‍यांचा डबा बदलून पाहा, आणि शेवटी स्कोप उतरवून माशीवर पाच छर्रे. काकांनी मला शिकवलेली ही शेवटची पायरी मी आधीच करून बघितली असती तर डिसेंबरपासून मार्चपर्यंतचे छर्रे वाचले असते.

पावसाळा

जुलैत एकट्या सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर राहते. ७० च्या वर भिंगावर बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि भिंगावरचा लेप कायमचा खाते. बाहेरच्या भिंगावर असेल तर पुसून निघते. बोरा बाजारातले कॅमेर्‍यांचे जाणकार ते काम नीट करतात. आत असेल तर मात्र नळी उघडावी लागते, नायट्रोजन निघून जातो, आणि मग स्कोप पुढच्या पावसाळ्यात आतून धुरकटतो. म्हणून ती आत धरूच द्यायची नाही.

चामड्याची केस आणि फोमची पेटी ओल धरून ठेवतात. स्कोप रायफलवरच ठेवायचा असेल तर पेटी पावसाळ्यात उघडी, कोरड्या कपाटात ठेवा. मी मे अखेरीला स्कोप माउंटसकट उतरवतो आणि रबरी कडेच्या हवाबंद डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या चार-पाच पिशव्या आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान हवा. तांदूळ घालू नका, त्याची भुकटी भिंगावर बसते. रंग बदलणारं जेल वापरत असाल तर नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दीड-दोन तास सुकवा. निळ्याचं गुलाबी होणार्‍या जेलमध्ये कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये नेऊ नका.

एसीच्या खोलीतून स्कोप बाल्कनीत आणला की बाहेरच्या काचेवर वाफ धरते, ते ठीक आहे. पाच-सात मिनिटांत ती जाते. बाहेरून काच पुसल्यावरही धुकं दिसत असेल तर ते आत आहे, आणि वॉरंटी असेपर्यंत तो बदलून घ्या. ही परीक्षा जुलैतच करता येते, म्हणून मी तरी नवीन स्कोप पावसाळ्याच्या तोंडावर घ्यायला सांगतो.

काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग मायक्रोफायबर. द्रव कापडावर घ्या, काचेवर थेंब टाकू नका. शर्टाच्या टोकाने पुसण्याची सवय मोडा. समुद्राकाठून आलात तर नळी आधी ओलसर, मग कोरड्या फडक्याने पुसा, आणि स्क्रूंच्या डोक्यांना कापसाच्या काडीने तेलाचा अगदी पुसटसा हात द्या. मिठाने आधी तेच गंजतात.

नवरात्रानंतर ऊन तापू लागलं की डबा उघडतो आणि स्कोप चढवतो. माउंट आणि रायफलची पाठ, दोन्हींवरून जाणारी लाल नेलपेंटची एक बारीक रेघ मी पहिल्याच वर्षी ओढून ठेवली आहे, दुसरी कडीवरून नळीवर. दोन्ही रेघा सरळ जुळल्या की स्क्रू आवळतो आणि मुरबाडला पहिले पाच छर्रे मारतो. मग कडीवरची रेघ पुन्हा बघतो. ती तुटलेली दिसली तर सहावा छर्रा न भरता अ‍ॅलन की काढतो.